दुधिवरे खिंडीतली जपानीण

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पान उलटा. मी ही गोष्ट कुणाच्या गळ्यात मारत नाही.

पण हे घडलं ते माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं. साल त्र्याहत्तर. श्रावणातला रविवार. जागा, लोणावळ्याहून पवनेकडे उतरताना लागते ती दुधिवरे खिंड. आणि वेळ भर दुपारची.

हो, दुपारची! भुतं अमावस्येच्या रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या मामाकडे आलं ते जेवणाच्या वेळेला आलं.

मामाचं नाव गोरख. देहूरोडच्या डेपोत गाड्यांचा फिटर. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. जॅक सटकून चेचलं ते पुन्हा आलंच नाही. घरी सायकल होती, पण गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखावं ते मामानंच.

त्याचं एक टोळकं होतं, गाडीवेड्यांचं. त्या काळात रस्त्यावर गाड्या त्या कोणत्या? फियाट, ॲम्बेसेडर, नाहीतर एखादी खोकणारी लँडमास्टर. पण या मंडळींचा जीव जडला होता जपानी गाड्यांवर. मुंबईच्या वकिलातींमधले साहेब लोक लोणावळ्याला बंगल्यांवर सुट्टीला यायचे, त्यांच्याकडे असायच्या. टोयोटा कोरोना, डॅटसन ब्लूबर्ड, क्वचित एखादी माझदा. ही टोळक्यातली घोडी तुंगार्लीला बंगल्याच्या फाटकाबाहेर उभी राहून आत डोकावत बसायची. माळी हाकलायचा तरी हलायची नाहीत.

गंमत म्हणजे त्या काही राजेमहाराजांच्या गाड्या नव्हत्या. तिकडे जपानात म्हणे शाळामास्तर आणि कारकून असल्या गाडीतून कामावर जातात.

"आयला, मग पुढचा जन्म तिकडंच घ्यायचा. कारकुनाचा का व्हयना!" महिपती म्हणायचा.

महिपती म्हणजे मामाचा लहानपणापासूनचा जिवलग. सोमाटण्याचा. घरची शेती, वर ट्रकचा धंदा. स्वभावानं मोठा दिलदार, पण जीभ अशी तिखट की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आणि गळ्यात तुळशीची माळ. चहापलीकडे कशाला शिवला नाही कधी.

ती माळ लक्षात ठेवा.

तर या महिपतीनं सरकारी लिलावात वकिलातीची एक जपानी गाडी उचलली. फिकट निळी. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. गाडीत काडीचा दोष नव्हता, उगाच कशाला कुणाच्या नावाला बट्टा! सगळे तिला जपानीणच म्हणायचे. पौषातल्या थंडीतसुद्धा पहिल्या फटक्याला चालू व्हायची. दार लावलं की भरीव आवाज यायचा, पत्र्याचा खडखडाट नाही. गिअरचा दांडा खाली, दोन सीटांच्या मध्ये. मामानं पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलं तेव्हा तो बराच वेळ नुसता बघत राहिला होता.

आता यांचा खेळ सांगते. म्हणजे पुढचं सगळं कळेल.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडायची सवय तेव्हा झाडून सगळ्यांना होती. यांनी त्याचीच शर्यत केली. धरणाच्या कामासाठी खिंडीतून खाली रस्ता झाला होता. खिंडीच्या माथ्यावरून गाडी सुटी सोडायची, इंजिन बंद. ज्याची गाडी सर्वांत लांब जाऊन थांबेल तो जिंकला. हरलेल्यानं त्याची गाडी धुवायची.

पण एकेक जण बिलंदर. मध्येच हळूच इंजिन चालू करायचे. म्हणून नियम केला. गाडी सोडण्याआधी किल्ली काढायची आणि पंचाच्या हातात द्यायची. किल्लीच नाही तर लबाडी करणार कशी?

फियाट, ॲम्बेसेडरला त्यात काही धोका नव्हता. किल्ली काढली तरी स्टिअरिंगचं चाक फिरतं, ब्रेक लागतो. सगळे हसत हसत खाली जायचे.

पंच कोण? ज्याच्याकडे गाडी नाही तो. आमचा गोरखमामा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी महिपतीनं जपानीण मामाच्या क्वार्टरसमोर आणून लावली. हॉर्न बसला होता. मामानं हॉर्न दुरुस्त केला आणि गाडी जरा सावलीत ढकलावी म्हणून किल्ली काढून खिशात टाकली. दारातून हात घालून स्टिअरिंगचं चाक फिरवायला गेला...

टक्.

चाक जागच्या जागी जाम!

मामा घाबरला, काहीतरी मोडलं म्हणून. मग किल्ली पुन्हा घातली, जराशी फिरवली, तर चाक मोकळं. काढली, चाक थोडं फिरवलं... टक्. पुन्हा जाम. सरळ असेपर्यंत काही होत नव्हतं. जरा वळवलं की आतलं कुलूप खाचेत बसत होतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. चोरानं नेऊ नये म्हणून चाकालाच कुलूप! तो एकटाच हसला. "वा रे जपान्या, मानलं तुला," म्हणाला. आपल्याकडच्या गाड्यांत असलं काही कुणी पाहिलेलंच नव्हतं. महिपतीलाही पत्ता नसणार. सोमाटण्याला गाडी अंगणात उभी, किल्ली गाडीतच लटकलेली. तिथं चोरणार कोण?

उद्या महिपतीला सांगायचं, मामानं ठरवलं. किल्ली काढून ही गाडी उतारावर सोडायची नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. नीट, पुरतं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी खिंडीत सगळे जमले. माथ्यावर रखमाजीआबांचं चहाचं खोपटं होतं, तिथून शर्यत सुटायची. हौशीराम म्हणून एक ठेकेदार होता, त्याची ॲम्बेसेडर आधी गेली. मग जपानीणीची पाळी. मामा पुढे झाला आणि म्हणाला, "महिपती, थांब. तुझ्या गाडीचं जरा सांगायचंय."

महिपती रंगात होता. आजूबाजूला माणसं. तो मोठ्यानं म्हणाला, "आरं, तू काय सांगणार मला गाडीचं? सायकलवाला! तू आपला किल्ल्या धर. लोकांच्या किल्ल्या धरायच्या, हेच तुझ्या नशिबात हाय!"

सगळे खदाखदा हसले. मामाही हसला. हसावं लागतं हो अशा वेळी. पण आतून जळून कोळसा झाला.

बरं, धरतो किल्ली, तो मनात म्हणाला.

त्याला वाटलं होतं, दर वेळसारखी गाडी खोपट्यापुढे तिरपी उभी असेल. सोडताना चाक वळवावंच लागेल, तिथंच जाम होईल, आणि महिपतीची जपानीण आबांच्या सरपणाच्या ढिगात तोंड खुपसून बसेल. होऊ दे फजिती! एकदा तरी हसणाऱ्यांनी महिपतीला हसू दे.

काचेतून महिपतीचा हात बाहेर आला. तळव्यावर किल्ली. मामानं ती उचलली.

आणि तेव्हा त्यानं पाहिलं... गाडी तिरपी नव्हती. महिपतीनं ती आधीच रस्त्यावर सरळ घेऊन लावली होती. समोर सरळ उतार. आणि उताराच्या टोकाला भैरोबाचं वळण.

महिपतीचा हात हँडब्रेकवर गेला. त्यानं मामाकडे बघितलंसुद्धा. "काय रं, काय म्हणत हुतास?" त्यानं हसून विचारलं.

मामानं तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं, हा प्रश्न पुढे येईल.

हँडब्रेक सुटला. जपानीण बिनआवाजाची घरंगळत निघाली. इंजिन नाही, फक्त टायरांची सळसळ. ती वाढत गेली... वाढत गेली... आणि मग ब्रेकची एकच लांब किंकाळी.

मग काहीच नाही.

मामा धावत वळणाशी पोचला तेव्हा रस्त्यावर ब्रेकचे दोन काळे पट्टे होते. सरळ. वळणाकडे तसूभरही न झुकलेले. कठड्याचे दगड उडाले होते, आणि खाली झाडीत काहीतरी फिकट निळं दिसत होतं.

महिपती जागीच गेला.

ते सरळ पट्टे बघून लोक काय बोलले असतील? ट्रकवाला माणूस, हाडाचा ड्रायव्हर, वळण समोर दिसत असताना चाक जरासुद्धा फिरवत नाही? म्हणजे पिऊनच असणार! माळ आपली दाखवायला. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. गाडीचा तर चुराडा झाला होता, तिच्या चाकाला कोण विचारतंय?

एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, पार तळेगावापर्यंत ते गेलं. माळकरी पिऊन मेला.

महिपतीची आई अंबूबाई. म्हातारीनं लेकाची माळ पेटीच्या तळाशी कोंबली आणि देवळात जायचं सोडलं. बायको शालन. तिच्याबद्दल बायका पाणवठ्यावर कुजबुजायच्या आणि ती आली की गप्प व्हायच्या. मेलेला माणूस एकदाच जातो हो, पण नाव गेलं की मागच्यांना रोज मरण.

आणि ते नाव एका वाक्यात परत मिळालं असतं. ते वाक्य होतं मामाच्या पोटात. किल्ली होती मामाच्या खिशात.

दहाव्याला पवनेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. कावळे होते, बाभळीवर रांगेनं बसले होते, पण एकही खाली येईना.

"तुझी आई सांभाळतो," भाऊबंद म्हणाले. कावळा हलला नाही.

"ट्रक नीट चालवू, धंदा बुडू देणार न्हाई." नाही.

"शालनला अंतर देणार न्हाई." नाही.

ऊन चढलं. माणसं कंटाळली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सगळे पाय धुवायला नदीत उतरले. मामा मागे एकटा उभा होता. त्यानं वर पाहिलं...

सगळे कावळे त्याच्याकडे बघत होते.

कोणत्या शब्दाला कावळा उतरेल, ते त्या घाटावर फक्त मामाला ठाऊक होतं. पण तो बोलला नाही. नदीत उतरला, पाय धुतले आणि घरी आला.

जाताना शालननं त्याला गाठलं. "भावजी, तुमी तितं हुता. तुमीच खरं सांगा. ते पिऊन हुते का?"

"काय कळलं नाही वहिनी मला," मामा म्हणाला. "सगळं पटकन झालं."

थू त्याच्या तोंडावर! मामा माझा आहे म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. तो स्वतःही कधी घेत नसे.

पुढे त्याची झोप उडाली, भाकरी कडू लागायला लागली. किल्ली फेकायला तो चार वेळा इंद्रायणीवर गेला आणि तशीच घेऊन परत आला. शालनकडे जायला निघायचा आणि सोमाटण्याच्या फाट्यावरून माघारी फिरायचा.

असे महिने गेले. पाऊस लागला. आषाढ सरला. आणि एके दिवशी कामशेतच्या बाजारात रखमाजीआबा भेटले. त्यांनी मामाचा हात धरून त्याला बाजूला नेलं.

"गोरखभाऊ, एकदा खिंडीत येऊन जावा."

"का हो आबा?"

"तुमची ती गाडी... येती."

"कुठली गाडी?"

"आता मी तुमाला काय सांगू! दर ऐतवारी, ढग खाली उतरला म्हंजी. इंजन न्हाई. निस्ती टायरं वाजत्यात. माझ्या खोपटाम्होरं येऊन थांबती, वाईच उभी ऱ्हाती, आन् मग खाली जाती." आबांनी इकडे तिकडे पाहिलं. "वळणाशी आवाज व्हतो. टक् करून. मग काय बी न्हाई."

ते टक् जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

त्या रविवारी तो खिंडीत गेला. किल्ली खिशात घेऊन.

श्रावणात दुधिवऱ्याला ढग रस्त्यावर लोळतो. दुपार असून हातभरापलीकडचं दिसत नव्हतं. खोपट्यात आबा होते, आणि आडोशाला वरच्या ठाकरवाडीतली गंगी शेळ्या घेऊन उभी होती. आबांनी चहा दिला. पाऊस थांबला होता. छपराचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

मग शेळ्या उठल्या.

सगळ्या एकदम. ओरडल्या नाहीत, बुजल्या नाहीत. फक्त रस्त्याच्या कडेला सरकून उभ्या राहिल्या, गाडीला वाट देतात तशा.

"आली," गंगी म्हणाली. "ह्यांना आदी कळतं."

मामानं कान दिला. आधी काहीच नाही. छपराचं ठिबकणंही थांबलं होतं...

मग वरच्या अंगानं... सळसळ.

ओल्या डांबरावर टायरांची सळसळ. इंजिन नाही. ती जवळ आली, आणखी जवळ आली, आणि खोपट्यासमोर धुक्यात थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला.

"जावा," आबा हळूच म्हणाले. "इतके दिस उभी ऱ्हाती ती कुणासाठी, ते आज मला कळलं."

मामा उठला. कसा उठला ते त्यालाच ठाऊक. धुक्यात शिरला. पुढे काहीतरी फिकट निळं होतं. त्याला गार पत्रा जाणवला, ओल्या गालिच्याचा वास आला. दारात त्यानं कितीदा डोकं घातलं असेल, तोच वास.

काच खाली गेली.

आतून हात बाहेर आला. तळवा वर, मोकळा.

"महिपती..." मामा म्हणाला. "महिपती, चुकलो रे मी."

हात तसाच.

मामानं खिशातून किल्ली काढली आणि त्या तळव्यावर ठेवली. हात बर्फासारखा गार होता. बोटं मिटली. आणि तेव्हा मामाची नजर अंगठ्यावर गेली...

अंगठ्याला नख नव्हतं.

बाहीला डेपोच्या खाकीचा रंग. कडेला ग्रीसचा डाग, सकाळीच आपल्या बाहीवर पाहिलेला.

तो हात महिपतीचा नव्हता. तो मामाचाच हात होता.

काच वर गेली. किल्ली फिरल्याचा आवाज झाला, आणि जपानीण पहिल्या फटक्याला चालू झाली. गाडी उतारावरून खाली गेली, वळणाशी गिअर बदलला, नीट वळली. आवाज लांब लांब जात पवनेच्या बाजूला विरला.

टक् झालं नाही.

"गेली का?" आबांनी विचारलं.

"गेली," मामा म्हणाला. त्यानं स्वतःचा हात पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. हात जागेवर होता.

कशी कोण जाणे, पण त्याच्या मनातली भीती गेली आणि एकच गोष्ट राहिली. आजच शालनकडे जायचं. आत्ता. सगळं सांगायचं, मग ती जोड्यानं मारो की दारातून हाकलो. येईल त्या ट्रकला हात करत तो निघाला. वाटेत सारखी वाक्यं जुळवत होता. वहिनी, महिपती पिऊन नव्हता. वहिनी, मला माहीत होतं.

सोमाटण्याला पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शालन उंबऱ्याच्या आत बसली होती. तिनं वर पाहिलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"परत आलात, भावजी? काय ऱ्हायलं का सांगायचं?"

"परत?"

"दुपारी तर येऊन गेलात की."

मामा उंबऱ्यातच थांबला. आत भिंतीवर महिपतीचा फोटो होता. फोटोला तुळशीची माळ घातलेली होती. तीच, पेटीच्या तळाशी कोंबलेली. खाली अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती. कित्येक महिन्यांनी म्हातारीनं मान वर केली होती.

आणि फोटोखालच्या खिळ्याला... किल्ली टांगलेली होती. ओली.

"जेवायचा वकत हुता," शालन सांगायला लागली. "दारात गाडी हुबी ऱ्हायली, पावसात कसली ते दिसंना. इंजन बंद झालं. बगते तर तुमी. खाली उतरलाच न्हाई. काचंतनं हात काढून किल्ली दिलीत आन् समदं सांगितलंत. चाकाचं कुलूप. तुमाला आदल्या दिशी कळलेलं. त्यांनी चारचौघांत तुमचं हसं केलेलं. समदं. आत्याबाईंच्या म्होरं." तिनं पदरानं डोळे पुसले. "हात लय गार हुता तुमचा."

मामाचा जीव भांड्यात पडायला हवा होता, नाही का? महिपतीचं नाव धुतलं गेलं होतं. म्हातारीनं मान वर केली होती. जे बोलायला त्याला आठ महिने जमलं नाही, ते कुणीतरी बोलून टाकलं होतं. त्याच्याच तोंडानं.

पण मग त्याच्यापाशी उरलं काय? वाटेत जुळवलेलं एकेक वाक्य आधीच बोलून झालं होतं. कबुली देण्याचं पुण्यसुद्धा त्याला मिळालं नाही. तो दारात रिकामा उभा होता.

"वहिनी, तो मी नव्हतो," असं म्हणावं असं एक क्षण त्याच्या मनात आलं. पण म्हणणार कसं? त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं.

"येकच ऱ्हायलं," शालन म्हणाली. "दुपारी तेवडंच विचारलं तर तुमी काच वर केलीत. आता परत आलाय तर सांगा." तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "त्यांनी हसं केलं, तुमाला राग आला, ते समजलं मला. पर गाडी सरळ लावलेली तुमी बगितलीत. त्यांनी तुमाला विचारलंबी, काय म्हणत हुतास म्हणून. तवा का न्हाई बोललात, भावजी?"

मामानं तोंड उघडलं.

आणि त्याच्या गळ्यात, अगदी आत, आवाज झाला...

टक्.

शालननं तो ऐकला. अंबूबाईनंही ऐकला. मामाचं तोंड उघडं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि शब्द नाही. मग शालननं हळूच दार लोटून घेतलं.

मामा पुढे खूप वर्षं जगला. त्यानंच ही सगळी गोष्ट मला सांगितली, कितीदा तरी. आपली नालायकी तर तो आडपडदा न ठेवता सांगायचा. सोमाटण्यात चार लोकांसमोर उभं राहून महिपती पिऊन नव्हता, हेही त्यानं सांगितलं. सगळं बोलायचा. पण मीही एकदा आगाऊपणा करून विचारलं, "मामा, पण तेव्हा का नाही रे बोललास?"

त्यानं तोंड उघडलं. मी अगदी शेजारी बसले होते. मला तो आवाज ऐकू आला.

पुन्हा कधी विचारलं नाही मी.

आता तर सगळ्याच गाड्यांना ते कुलूप असतं. मी रोज ऑफिसातून येते, गाडी लावते, किल्ली काढते. चाकाला जरा हात लागला की टक् होतं. लोकांना त्याचं काहीच वाटत नाही.

मला एक सवय लागली आहे. किल्ली काढायच्या आधी मी शेजारी बसलेल्या माणसाला विचारते, "काही सांगायचं राहिलंय का?" नवरा हसतो, मुलं चिडवतात.

हसू देत. उत्तर मिळेपर्यंत मी किल्ली काढत नाही.